पेनवुड सरांचा फोन

लंडनहून ईमेल आला तेव्हा स्वप्ना शेजारच्या संगीताच्या ब्लाऊजला हुक लावत होती. तिने ईमेल वाचला, परत वाचला, आणि उरलेले तीन हुक बाहीला लावून टाकले.

"अगं, हे काय करायलीस?" समोर बसलेली संगीता ओरडली.

"संगीता, पेनवुड सर मला फोन करणारेत!"

"कोणत्या शाळेवर हायेत?"

सर रॉडरिक पेनवुड कोणत्याच शाळेवर नव्हते. ते इंग्लंडचे नट होते, वय अठ्ठ्याहत्तर, आणि 'सर' ही तिथल्या राजघराण्याने त्यांना दिलेली पदवी होती. आख्ख्या दिंद्रुड गावात त्यांना ओळखणारी एकच बाई होती, ती म्हणजे स्वप्ना. लग्नानंतर तिने घरातच शिलाईचं दुकान टाकलं, आणि इंग्रजी सुधारावं म्हणून मशीन चालवता चालवता मोबाईलवर इंग्रजी नाटकं ऐकायला सुरुवात केली. इंग्रजी किती सुधारलं हा वादाचा मुद्दा आहे, पण वेड मात्र पक्कं लागलं. डेम हॅरिएट लॉक्सली नावाच्या नटीचं हसणं तिला पाठ होतं. टोबायस क्रेन हा तरणा नट रडायला लागला की तिचा पाय मशीनवरून आपोआप निघायचा. पण पेनवुड सर ते पेनवुड सर. ते नुसतं 'गुड इव्हनिंग' म्हणाले तरी तिच्या अंगावर काटा यायचा.

त्याला कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील अंबाजोगाईच्या दवाखान्यात एकवीस दिवस होते. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून, कानात इअरफोन घालून, तिने ते दिवस त्या आवाजाच्या आधारावर काढले होते. वडील गेले. आवाज तेवढा राहिला. लंडनच्या एका नाट्यगृहाने चाहत्यांकडून पत्रं मागवली, तेव्हा तिने हेच मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून पाठवलं. जगभरच्या पत्रांतून पाच निवडली गेली आणि त्यात तिचं होतं. पेनवुड सर तिला व्हिडिओ कॉल करणार होते. पाच मिनिटं. मार्चच्या शेवटच्या रविवारी, लंडनच्या दुपारी एक वाजता.

स्वप्नाने बोटांवर हिशेब केला. लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा.

"कुणाला सांगू नकोस बरं का," ती संगीताला म्हणाली.

संगीताने खरोखरच कुणाला सांगितलं नाही. फक्त दिराला सांगितलं.

घरात बातमी सांगितल्यावर नवरा शहादेव खूश झाला. त्याचं मोटार भरायचं, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. बायको इंग्रजी ऐकते याचा तो गिऱ्हाइकांपुढे हळूच अभिमान मिरवायचा. सासूबाई मनकर्णा मात्र लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "ते म्हातारं माणूस दिवसभर तुझ्या फोनात वरडत असतं. घरचे त्याला काही म्हणत न्हाईत का?"

"आत्याबाई, ते वरडणं न्हाई. अभिनय हाय."

"आमच्या म्हाताऱ्यानं जन्मभर तेच केलं. त्याला कुणी पदवी दिली न्हाई."

दिव्याची वेळ व्हायच्या आत सुंदरराव दारात हजर झाले. सुंदरराव म्हणजे पंचायत समितीचे माजी सदस्य, आणि आता 'माजी' हा शब्द पुसायच्या तयारीत असलेले. मागे चार कार्यकर्ते, त्यांतला एक संगीताचा दीर.

"स्वप्नाताई, हे घरात बसून बोलायचं काम न्हाई. गावाचा मान हाय! ग्रामपंचायतीपुढं मंडप टाकू, मोठी स्क्रीन लावू. आख्खं गाव सरांना बघंल."

"पण अण्णा, पाचच मिनिटं हायेत."

"मी फक्त दोन मिनिटं बोलन. तीन तुमचीच की!"

स्वप्नाने शहादेवकडे पाहिलं. शहादेवने पंख्याकडे पाहिलं. सुंदररावांच्या सात विहिरींवरच्या सात मोटारी त्याच्याकडेच दुरुस्तीला यायच्या.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर फ्लेक्स झळकला. 'लंडनचे मा. पेनवुड सर यांचे दिंद्रुड नगरीत सहर्ष स्वागत.' मधोमध हात जोडलेले सुंदरराव, भोवती कार्यकर्ते, आणि खालच्या कोपऱ्यात सर. सरांचा फोटो कुणीतरी इंटरनेटवरून काढला होता, त्यामुळे ते डोक्यावर मुकुट, अंगावर झूल आणि हातात तलवार घेऊन उभे होते.

'स्वागत' हा शब्द वाचून लोकांनी सर प्रत्यक्ष येणार असंच धरलं. मुकुट पाहून काहींनी राजाच येणार असं ठरवलं. आणि शनिवारी नेकनूरकडून एक गुरुजी दोन बस बदलून थेट स्वप्नाच्या दारात आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत अर्ज.

"ताई, तेवढी माझी बदली सरांच्या कानावर घाला."

"गुरुजी, ते शिक्षण खात्यात न्हाईत हो. नाटकात काम करतात."

"खातं कोणतं का असंना. एवढा मोठा माणूस, वर ओळख तर असंल?"

त्यांना चहा पाजून वाटेला लावेपर्यंत आणखी दोघेजण पिशव्या घेऊन येताना दिसले.

स्वप्नाला यातलं काही धड दिसत नव्हतं. आठवडाभर ती एकाच तयारीत होती. वहीत तिने इंग्रजीत आठ वाक्यं लिहिली होती. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं, 'तुमच्या आवाजाने मला धीर दिला.' ते ती आरशापुढे, चुलीपुढे, मशीनपुढे म्हणत होती. शहादेव बिचारा पेनवुड सर होऊन समोर बसायचा आणि प्रत्येक वाक्याला "येस, येस" म्हणायचा.

रविवार उजाडला. चार वाजताच मंडपात सतरंज्या भरल्या. बंकट मंडपवाल्याने मंचावर गाडीएवढी स्क्रीन उभी केली, दोन्ही बाजूंना भोंगे लावले आणि स्वप्नाचा फोन आणि शेजारी माईक स्टँडवर बसवून वायरी जोडल्या. "ताई, आवाज पार रानापातुर जाईल," तो म्हणाला.

सव्वापाच झाले. अजून तास-सव्वातास होता. स्वप्ना पैठणी नेसायला घरी निघाली. फोनपाशी तिने सासूला खुर्ची दिली.

"आत्याबाई, कुणाला हात लावू देऊ नका."

"मी काय मेलेय का? जा तू."

साडेपाचला फोन वाजला.

बंकट चहाला गेला होता. सुंदरराव मंडपामागे भाषण पाठ करत होते. मनकर्णाबाईंनी फोनकडे पाहिलं. त्यांची लेक मनिषा पुण्याहून रोज याच वेळेला, याच फोनवर, असाच व्हिडिओ कॉल करायची. त्यांनी सवयीने बोट सरकवलं.

बारा फुटी स्क्रीनवर सर रॉडरिक पेनवुड उगवले.

मुकुट नव्हता. पांढरे विरळ केस, अंगात जुना स्वेटर, हातात चहाचा कप. मंडपातली माणसं सतरंज्यांवरून उठून माना उंच करून बघायला लागली. सरांनी काहीतरी गोड बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना खोकल्याची ढास लागली. भोंग्यांतून ती आख्ख्या दिंद्रुडमध्ये घुमली.

"अरं देवा!" मनकर्णाबाई पुढे सरकल्या. "केवढा खोकला हा! औषध घेतलंय का न्हाई?"

सर खोकता खोकता इंग्रजीत काहीतरी म्हणाले.

"असं कसं चालंल? छाती झाका आधी. झाका!" त्यांनी हिरव्या लुगड्याचा पदर गळ्याभोवती आवळून दाखवला.

सरांनी तो हातवारा नीट पाहून घेतला. मग त्यांनी खुर्चीवरचा मफलर उचलला आणि अगदी तस्साच गळ्याभोवती आवळला. साठ वर्षं रंगभूमीवर काढलेला माणूस. हातवाऱ्यांची भाषा त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मंडपात टाळ्या पडल्या.

"हां! आता कसं! आणि ते चहा-बिहा बंद. ओवा घ्या, ओवा. असा चिमूटभर." बाईंनी चिमूट दाखवली. सरांनी चिमूट दाखवली. "तव्यावर भाजायचा, फडक्यात बांधायचा आणि हुंगायचा." बाईंनी हुंगून दाखवलं. सरांनी इतकं मन लावून हुंगलं की पहिल्या रांगेतल्या बायकांनाही ओव्याचा वास आला.

तिकडे घरात स्वप्ना पैठणीच्या पाचव्या निरीवर होती. भोंग्यातून सासूचा आवाज आला, त्यामागून इंग्रजी आवाज आला, आणि तिच्या हातातल्या निऱ्या सुटल्या. तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता.

"अहो, सर आले!" ती किंचाळली. शहादेव बाहेर मोटारसायकलला किक मारत होता. सहा किका मारल्या. गाडी ढिम्म. गावभरच्या मोटारी नीट करणाऱ्या नवऱ्याकडे एकवार बघून स्वप्नाने निऱ्यांचा बोळा कमरेला खोवला आणि ती वही घेऊन पळत सुटली.

अर्ध्या वाटेवर, पिठाच्या गिरणीपाशी, भोंगा पुन्हा बोलला.

"सर, आता तुमाला एक सांगते. आमची सून हाय स्वप्ना. लई गुणाची. तिचा बाप दवाखान्यात पडलता तवा ही बाहेर बसून तुमचाच आवाज ऐकत व्हती. मी डबा घेऊन गेलते की, बघितलं मी. माझ्यापाशी रडली न्हाई, आणिक कुणापाशी न्हाई. तुमचं ऐकून रडली आणि मंग जेवली. मला तुमचं बोलणं एक अक्षर कळत न्हाई. पण तवा पोरगी जेवली, एवढं मला कळलं. तुमचे उपकार हायेत."

स्वप्ना गिरणीच्या भिंतीला धरून उभी राहिली. आठ वाक्यांची वही हातात होती. त्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सासूबाई बोलून मोकळ्या झाल्या होत्या, आणि तिच्यापेक्षा नीट. तिने पैठणीच्या पदराने डोळे पुसले आणि पुन्हा धावायला सुरुवात केली.

ती मंचावर पोचली तेव्हा सर छातीवर हात ठेवून बसले होते. शब्द कळले नव्हते, पण काय सांगितलं गेलं ते त्यांना कळलं असावं. स्वप्ना पुढे झाली. श्वास लागलेला, केसांना क्लिप, पैठणी एका बाजूने वर.

"सर! आय अ‍ॅम स्वप्ना!"

"आह, स्वप्ना!" सर म्हणाले. तिचं नाव त्या आवाजात आख्ख्या गावाने ऐकलं.

आणि त्याच वेळी सुंदररावांना कळलं की कार्यक्रम आपल्याशिवाय सुरू झालाय. ते हार घेऊन धावत मंचावर चढले. "सरांचा सत्कार ऱ्हायलाय! थांबा!" स्क्रीनवरच्या सरांच्या गळ्यात हार घालायला त्यांनी दोन्ही हात उंच केले.

"अरं सुंदर," मनकर्णाबाई कडाडल्या, "जित्या माणसाच्या फोटोला हार घालतोस व्हय!"

सुंदरराव दचकून मागे सरले. पाय वायरीत अडकला. स्क्रीन काळी झाली, भोंगे 'कुंई' करून गप्प पडले, आणि फोन स्टँडसकट खाली गेला. बंकट चहाचा ग्लास घेऊन आला तेव्हा पाच मिनिटं संपली होती.

स्वप्नाला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. "पण साडेसहाला येणार होता ना फोन?" शहादेव पळत येऊन, धापा टाकत विचारत होता. तिने पडलेला फोन उचलून ईमेल पुन्हा उघडला. वेळेपुढे बारीक अक्षरात 'उन्हाळी वेळ' असं लिहिलेलं होतं. त्याच दिवशी पहाटे आख्ख्या इंग्लंडने घड्याळं तासभर पुढं केली होती.

"उन्हाळा लागला म्हणून घड्याळ कावून हलवायचं?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं लागतो तेवढा उन्हाळा तर कुठंच लागत न्हाई. आमी कधी हात लावला का घड्याळाला?"

चार दिवस स्वप्नाने पेनवुड सरांचं एकही नाटक लावलं नाही. मशीन नुसतीच खडखडत राहिली. पाचव्या दिवशी लंडनहून दुसरा ईमेल आला. ती वाचायला लागली आणि मशीन थांबली.

"काय म्हणतंय?" दाराशी बसलेल्या मनकर्णाबाईंनी विचारलं.

"सरांचा खोकला उतरलाय. ओवा तिथल्या भारतीय दुकानात मिळाला." स्वप्नाने नाक ओढलं. "ते म्हणतात, इतक्या वर्षांत इतकं मनापासून त्यांच्याशी कुणी बोललं न्हाई. पुढच्या गुरुवारी त्यांना परत बोलायचंय. अर्धा तास!"

"मंग रडतीस कशाला? बोल की."

"माझ्याशी न्हाई, आत्याबाई." स्वप्नाने डोळे पुसले आणि पुढची ओळ वाचली. "'हिरव्या साडीतल्या बाईंशी. शक्य असल्यास घरातल्या कुणी भाषांतरासाठी सोबत बसावं.'"

मनकर्णाबाईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. थोडा विचार केला.

"बस मंग माझ्याजवळ. पण मी म्हणंन तेवढंच सांगायचं. मधी तुझं घुसडायचं न्हाई."

"न्हाई घुसडणार," स्वप्ना म्हणाली. अर्धा तास त्या आवाजासमोर बसायला मिळणार असेल तर ती मुकी राहायलाही तयार होती.

"आणि माझं निळं लुगडं इस्त्रीला टाक," मनकर्णाबाई उठता उठता म्हणाल्या. "हिरवं त्या माणसानं पाहिलंय."