नम्रतासाठी मऊ बिस्किटं

हितेंद्र परबांनी ओव्हनमधून ट्रे बाहेर काढला, एका बिस्किटावर बोट दाबलं आणि बोट आत गेलं तसे ते खूश झाले. बिस्कीट मऊ लागलं म्हणून आनंद झालेला लालबागमधला हा बहुधा पहिलाच माणूस. त्यांच्या घरात मऊ बिस्कीट म्हणजे सादळलेलं बिस्कीट, आणि ते निघालं की डब्याचं झाकण कुणी उघडं टाकलं याची आधी चौकशी व्हायची.

"अगं, बघ! मधे मऊ, कडेला चिवट. अगदी तिला हवं तसं!"

"चिवट?" गुणवंतीबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "अहो, बिस्कीट केलंत की चप्पल?"

परबांनी दुर्लक्ष केलं. त्यांची नम्रता पाच वर्षांनी कॅनडाहून घरी येत होती. मागे एकदा व्हिडिओ कॉलवर ती सहज बोलून गेली होती, "बाबा, इथं ओट्सच्या कुकीज काय मस्त मिळतात! एकदम च्युई. आपली ती कडक बिस्किटं आता मला चावणारच नाहीत." ती हसली, पण परबांच्या ते जिव्हारी लागलं. हीच पोरगी दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, साखर पिशवीत घालून त्यांच्याबरोबर बेकरीच्या भट्टीपाशी नंबर लावून बसायची. नानकटाई बाहेर आली की पहिला घास तिचा. कुर्रकन वाजली नाही, तर भट्टीवाल्याला पुन्हा आत टाकायला लावायची. तो बिचारा तिला वचकून असायचा. त्या पोरीला आता कडक चालत नाही? मग आपलं म्हणून तिला काय चालणार? ही धास्ती परबांनी कुणाला सांगितली नाही. मुकाट्याने छोटा ओव्हन आणला, ओट्स आणले, गूळ किसला आणि दोन घाणे वाया घालवून तिसरा जमवला.

"थंड होईपर्यंत हात लावू नकोस," असं बजावून ते पापलेट आणायला बाजारात गेले.

त्यांची पाठ वळताच गुणवंतीबाईंनी एक बिस्कीट दाबून पाहिलं. मऊ! लेक इतक्या वर्षांनी येतेय आणि बाप तिला कच्चं पीठ खायला घालणार? नवऱ्याची अब्रू वाचवायची म्हणून त्यांनी ट्रे पुन्हा ओव्हनमध्ये सरकवला, थोड्या वेळाने काढून होता तसा ठेवला आणि त्या आंघोळीला गेल्या.

शेजारच्या आनंदीबाई सोलकढी द्यायला आल्या. दार उघडंच होतं. ट्रे दिसला, बोट गेलंच. गरम बिस्किटं अजून मऊच होती.

"अगो बाये, कच्चीच काढल्यान!" त्या पुटपुटल्या. मैत्रिणीची फजिती नको म्हणून त्यांनी ओव्हनचं बटण होतं तेवढं फिरवलं, खमंग वास सुटल्यावर ट्रे काढला आणि कुणाला न सांगता घरी गेल्या.

परब परतले, तेव्हा करपल्याचा वास जिन्यापर्यंत आला होता. कुणाचं तरी दूध करपलं असेल, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. घरात नम्रता! विमान लवकर उतरलं होतं. बापलेक एकमेकांच्या गळ्यात पडले, आनंदीबाईही धावत आल्या. चहा झाला. परबांनी मोठ्या ऐटीत ट्रेवरचा रुमाल उचलला आणि त्यांचा चेहराच पडला. बिस्किटं काळी ठिक्कर. एक बशीत टाकलं, तर टण्ण वाजलं.

"कुणी केलं हे?"

"मी जराशी भाजली हो," गुणवंतीबाई म्हणाल्या. "कच्ची होती."

"तू पण?" आनंदीबाई दचकल्या. "मीय भाजलंय! पण मी काढली तेव्हा काळी नव्हती."

मग काळी कुणी केली? सगळे एकमेकांकडे बघू लागले. नम्रता मात्र कपात बघत होती.

"बाबा... मी."

"तू?"

"आई आंघोळीला होती, तू बाहेर. ट्रे दिसला, दाबून बघितलं तर मऊ. म्हटलं, बाबाने एवढा खटाटोप केला आणि बिस्किटं सादळली. तुला वाईट वाटेल, म्हणून गुपचूप परत आत टाकली. तोवर आई बाहेर आली, आम्ही गप्पांत बसलो आणि विसरलेच रे. वास आल्यावर आईच्या नकळत काढली आणि वर रुमाल टाकला."

"अगं, पण तुला मऊच आवडतात ना?"

"ते तिथं, बाबा!" नम्रता त्यांच्यावरच डाफरली. "आपल्या घरात मऊ बिस्कीट कसं चालेल?"

परबांना एकदम भरून आलं. इतके दिवस उरात धरलेली भीती क्षणात उतरली. त्यांनी त्यातलं सगळ्यात काळं बिस्कीट उचललं आणि कडकन दातांखाली फोडलं. तिघीही त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"अजून पाच मिनिटं ठेवली असतीस," ते डोळे पुसत म्हणाले, "तरी चाललं असतं."