बाईंचं बीटाचं सार

चार मिनिटांत दुर्बीण बाहेर, हा डॉक्टर वितोल्ड यांचा तीस वर्षांचा लौकिक होता आणि आता तोच त्यांच्या मुळावर आला होता. आतड्यातून दुर्बीण काढताना किमान नऊ मिनिटं लावा, प्रत्येक घडीमागे डोकवा, असं फर्मान रुग्णालयाच्या संचालकांनी काढलं होतं. घाईत पॉलिप, म्हणजे आतड्यातल्या लहान गाठी, निसटतात आणि पुढे त्यांचा कर्करोग होतो. वितोल्ड यांना सापडणारे पॉलिप जिल्ह्यात सगळ्यांत कमी होते. सुधारणा दिसली नाही, तर दुर्बीण क्राकोवहून आलेल्या तरुण डॉक्टरच्या हाती जाणार होती.

"आतडं म्हणजे काय संग्रहालय आहे, रेंगाळत बघायला?" ते नर्स ब्रोन्यावर तणतणले.

"तुम्ही काही म्हणा, मी घड्याळ लावलंय."

आणि पहिल्याच रुग्ण निघाल्या लेओकादिया बाई! गावातल्या निम्म्या लोकांना भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाईंचं रक्त अलीकडे कमी भरत होतं. गुंगीचं औषध त्यांनी नाकारलं; त्यांना पडद्यावर सगळं बघायचं होतं.

"वितेक, तू?" बाईंनी शाळेतल्याच नावाने हाक मारली. "अरे देवा! तू तर नकाशातल्या निम्म्या उपनद्या वगळायचास."

"बाई, पन्नास वर्षं झाली त्याला."

"त्या अजून तिथेच वाहतायत."

दुर्बीण आत गेली आणि पडदा लालभडक झाला.

"रक्त! ब्रोन्या, सर्जनला बोलव!"

सर्जन धावत आला. मागोमाग रक्ताची पिशवी आली. ही पळापळ बघून रुग्णालयाचे फादरही मरणाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची कुपी घेऊन आपणहून हजर झाले.

"फादर, तुम्ही कशाला?" बाई कडाडल्या. "मी जातेय की काय?"

"बाई, आत सगळं लाल आहे हो," वितोल्ड रडकुंडीला आले होते.

"असणारच. काल दिवसभर बीटाचं सार प्यायले. तुमच्या कागदावरच आहे, चोथा नसलेलं, आरपार दिसेल असं पातळ प्या. नाताळच्या आदल्या संध्याकाळी करतो तसं मलमलीतून दोनदा गाळलं. वाडग्याच्या तळावर रंगवलेली फुलं दिसत होती!"

"लाल काही नको, हेही लिहिलंय त्यात!" ब्रोन्या म्हणाली.

"सार कुठे लाल असतं? सार साराच्या रंगाचं असतं."

सर्जनने रक्ताची पिशवी बाजूला ठेवली.

"माझी आईही दोनदाच गाळायची," सर्जन पुटपुटला.

"माझी तीनदा," फादर म्हणाले.

वितोल्ड यांना आपलं जुनं स्वयंपाकघर आठवलं. वाळवलेल्या अळंब्यांचा वास, वाफेने धुरकटलेली खिडकी, आणि ताटकळलेल्या पोराला "थांब रे, निवळू दे" म्हणणारी आई. तिला जाऊन वीस वर्षं झाली होती.

आता मात्र आतडं बोट बोट धुतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बाई पडद्यावर डोळे रोखून होत्या.

"डावीकडची ती घडी राहिली."

"तिथे काही नसतं, बाई."

"न बघता कसं कळलं?"

वितोल्ड यांनी घडी बाजूला सारली, पाणी सोडलं. मागे मसुरीच्या दाण्याएवढा चपटा पॉलिप बसला होता. पुढच्या वळणावर दुसरा निघाला. दोन्ही काढून होईतो एकोणीस मिनिटं झाली. सर्जनने टाळी वाजवली. वितोल्ड यांचा चेहरा मात्र उतरला होता. या वळणावरून ते तीस वर्षं भरधाव गेले होते.

"ब्रोन्या, गेल्या वर्षीची यादी काढ. सगळं स्वच्छ आहे म्हणून घरी पाठवलेल्यांना परत बोलवायचं."

"अहो, तुमची दुर्बीण वाचली आता! सगळ्यांना कशाला?"

"सगळ्यांना."

यादीत पहिलंच नाव खुद्द संचालकांचं होतं. वितोल्ड यांनी स्वतः फोन लावला. बाई शेजारच्या खुर्चीत पाव खात होत्या.

"साहेब, तुम्हाला पुन्हा यावं लागेल. तुमचं मी चार मिनिटांत उरकलं होतं."

तिकडून संचालक घाईघाईने म्हणाले,

"मला काही झालेलं नाही. पुढच्या वर्षी बघू."

"साहेब, तुमचंच फर्मान..."

"पुढच्या वर्षी म्हटलं ना!"

"कोण आहे रे?" बाईंनी विचारलं.

"संचालक. लुत्स्यान साहेब."

"शेवटच्या बाकावरचा लुत्स्यान?" बाईंनी मांडीवरचा पावाचा चुरा झटकला आणि हात पुढे केला. "दे इकडे तो फोन."