मंत्र्याची जागा रिकामी आहे

मालुवान देशात इतिहास फार आणि माणसं कमी, म्हणून तिथे सुटीवर जाणाऱ्या प्रत्येकाला एक दिवस इतिहासात काम करावं लागतं. बाकीचे दिवस समुद्रकिनारा, जुनी देवळं आणि नाश्त्यासकट हॉटेल. आमच्या सोसायटीतले निम्मे लोक जाऊन आले होते. तळमजल्यावरच्या साठ्यांनी तर राज्याभिषेकात छत्र धरलं होतं आणि वर्षभर आम्हाला ते ऐकावं लागलं. तेव्हा यंदा मी, माझा नवरा शशांक आणि सासरे अप्पा असे तिघे सांगलीतल्या ट्रॅव्हल ऑफिसात जाऊन बसलो.

कोपर्डेकर मॅडमनी कॉम्प्युटरवर रिकाम्या जागा पाहिल्या. मला राणीला वारा घालायचं काम मिळालं. शशांकला देवळासाठी दगड ओढायचा होता, मध्ये जेवणाची सुटी धरून. जेवणात दही असतं का, चहात दूध घालतात का, बाथरूम कसं आहे, हे आम्ही खोदून खोदून विचारलं. अप्पांना काय काम, हे मात्र सगळ्यात शेवटी विचारलं.

"काकांच्या वयाला एकच जागा आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हातारा मंत्री. शहराला वेढा पडलेला असतो. मंत्री तहाचं बोलणं करायला शत्रूच्या छावणीत जातो."

"आणि परत कधी येतो?" मी विचारलं.

"परत येत नाही. इतिहासात आला नव्हता ना."

शशांकचा चेहरा उतरला. "मागच्या सीझनला कोण गेलं होतं?"

"नगरचे एक काका. घरच्यांनी ट्रिपला पाच स्टार दिलेत."

"आणि काकांनी?"

"काकांचा अभिप्राय आला नाही."

अप्पा सगळं शांतपणे ऐकत होते. ते जन्मभर हायस्कुलात इतिहास शिकवत आले. त्यांना बाहेर कुठे न्यावं म्हणूनच तर ही ट्रिप ठरवली होती.

"अप्पा घरी राहतील. आम्ही दोघंच जाऊ," शशांक म्हणाला.

"मग मंत्र्याची जागा रिकामी राहते. तह होत नाही, शहर जळतं," मॅडम म्हणाल्या. "मागे एकदा जळलं होतं. हॉटेलसकट सगळी बुकिंगं रद्द करावी लागली. तुम्हाला जमत नसेल तर बाहेर मिरजेची फॅमिली थांबली आहे. त्यांच्यातही आजोबा आहेत. सहाला सिस्टिम बंद होते, लवकर सांगा."

भिंतीवरच्या घड्याळात सहाला दहा कमी होते. काचेपलीकडे मिरजेचे आजोबा काठीवर हनुवटी टेकून आमच्याकडेच टक लावून बघत होते.

"चला अप्पा, उठा," शशांक म्हणाला. "आपण महाबळेश्वरला जाऊ."

अप्पा उठले नाहीत. "मंत्र्याला भाषा कुठली बोलावी लागते?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"तुमचीच चालते."

"अप्पा, ही ट्रिप आहे! लोक मजा करायला जातात!" माझा आवाज इतका चढला, की मिरजेची मंडळी उभी राहिली.

"वृषाली, मी काय सजा भोगायला चाललोय का?" अप्पा म्हणाले. "जन्मभर पोरांना तह शिकवले. कलमं पाठ करून घेतली. पोरं विचारायची, सर, तिकडे गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलले असतील? मी म्हणायचो, ते परीक्षेला नाही. एकदा तरी ते वाक्य मला बोलू दे."

"आणि आम्ही?" शशांकचा आवाज फुटला. "आम्ही काय करायचं, अप्पा?"

"तू दगड ओढायचा," अप्पा म्हणाले. "पाठ जपून. वाकताना गुडघ्यात वाक."

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. मला हा माणूस हवा होता. माहेरी कुणी माझं पुरतं वाक्य ऐकून घेतलं नव्हतं, ते या घरात याच माणसाने ऐकलं. शशांक खाली बघत बसला. मिरजेच्या आजोबांनी दार ढकललं, तेवढ्यात अप्पांनी बुकिंगच्या फॉर्मवर सही केली.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला, तो अप्पांनीच उचलला. काकांचं परतीचं तिकीट काढत नसल्याने त्यांना सामान जास्त नेता येईल, असं त्यांनी कळवलं. मग सीट विचारल्या. अप्पा खुशीत म्हणाले, "मला खिडकी द्या."

"आणि येताना?" मॅडमनी सवयीने विचारलं.

अप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते बॅग भरायला आत गेले.

"येताना आम्ही दोघंच," मी म्हणाले. "पण आमच्या मधली एक सीट रिकामी ठेवता आली तर बघा."

"बघते," मॅडम म्हणाल्या. "सीझन आहे, कठीणच आहे."