सहाचा चहा आणि लोहाची गोळी

मोठ्या बाईंचं हिमोग्लोबिन नऊ निघालं आणि त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया अडली. अकरा झाल्याखेरीज तारीख देणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दोन महिने बाईंना जिना चढता आलेला नव्हता आणि स्वयंपाकघर होतं वरच्या मजल्यावर. आपल्यामागे तिथं काय चाललं असेल, या विचाराने त्यांचा जीव गुडघ्याहून अधिक ठणकत होता.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. निवृत्त मुख्याध्यापिकेला शोभेल अशी वेळ बाईंनीच नेमून दिली: सकाळी सहा, पहिल्या चहाबरोबर. महिन्याने रक्त तपासलं. नऊ.

"ही गोळी कुचकामी आहे," बाईंनी निकाल दिला.

मुलाने सिरप आणलं. "आई, नळीने पी हं, नाहीतर दात काळे पडतील. आणि औषधवाला म्हणत होता..."

"काय म्हणत होता?"

"काही नाही. बाटली हलवून घ्यायची."

नळीने पिणं बाईंच्या पदाला शोभणारं नव्हतं. महिन्याने दात काळवंडले, रक्त नऊवरच.

मग सुनेने कॅप्सूल आणल्या. "या पोटाला सोसतात, आई. आत एक कागद आहे, त्यावर लिहिलंय..."

"कागद तू वाच. कॅप्सूल मी घेते."

पुन्हा नऊ. अखेर सारं घर डॉक्टरांपुढे जाऊन बसलं.

"गोळीतलं लोह शरीरात लवकर शोषलं जातं, कॅप्सूलमधलं जरा सावकाश," डॉक्टर म्हणाले. "पण तिन्ही वाया जावीत? कशाबरोबर घेता?"

"चहाबरोबर. सहाच्या ठोक्याला!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "चहा लोहाला वाटेतच अडवतो, बाई. दोन तास दूर ठेवा, लिंबूपाण्याबरोबर घ्या, असं मी पहिल्याच चिठ्ठीवर लिहिलं होतं."

बाई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, चिठ्ठी वाचली नव्हतीत?"

"वाचली होती की."

"मग?"

"तुझा सहाचा चहा कोण बंद करणार? म्हटलं, मुलगा सांगेल."

"मला वाटलं, ही सांगेल," मुलगा पुटपुटला.

"मी कागद पुढे केला होता," सून म्हणाली.

"म्हणजे औषधं तीन आणलीत, पण बोलायला कुणाचं तोंड उघडलं नाही? एवढी का मी वाघीण आहे?"

नवरा चष्मा पुसू लागला, मुलगा मोबाईल चाळू लागला. डॉक्टरसुद्धा रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

घरी येताच बाईंनी फर्मान काढलं: "उद्यापासून सहाला गोळी आणि लिंबूपाणी. चहा साडेआठला. सगळ्यांना."

दीड महिन्यात हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. त्या सकाळीही नवरा, मुलगा आणि सून आंबट तोंडं करून लिंबूपाण्याचे पेले रिकामे करत होते.

"चहा फक्त तिलाच बंद होता, हे आता सांगायचं का?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"तुम्ही सांगा ना, बाबा," सून म्हणाली आणि तिने त्यांचा पेला पुन्हा भरला.