न घडलेल्या लेखनाची चौकशी

इसवी सन १९५३च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फिया नगरातील एका विमा कंपनीच्या गणनविभागात एक गंभीर प्रसंग उद्भवला. तेथील यंत्राने स्वतःच्या आज्ञा स्वतः लिहिल्या. असे घडू शकत नाही, हे कंपनीचे लेखी धोरण होते. म्हणून ते घडल्याची चौकशी करणे क्रमप्राप्त झाले.

अपराधिनी होत्या विनिफ्रेड स्टोल्ट्झबाई. दोन वर्षे खपून त्यांनी एका चुंबकीय फितीवर अशी योजना साठवली होती, की माणसाने काय हवे ते साध्या शब्दांत सांगावे आणि त्याचे किचकट अंकी आदेशांत रूपांतर यंत्रानेच करावे. तिला त्यांनी ‘कंपायलर’ असे नाव दिले होते. महिनाअखेरपर्यंत चौकशी समितीची मान्यता न मिळाल्यास फीत पुसून अन्य कामास द्यावी, असा आदेश होता. दुसरी प्रत काढण्याचा बाईंचा अर्ज ‘अस्तित्वात नसलेल्या वस्तूची प्रत काढता येत नाही’ या शेऱ्यासह परत आला होता.

समितीचे अध्यक्ष ऑगस्टस पेनीपॅकर मृदू स्वरात म्हणाले, “बाई, यंत्राला बेरीज येते. लिहिता येत नाही.”

“पण साहेब, त्यानं लिहिलंय! हप्त्यांच्या हिशेबाचे सगळे आदेश, एका तासात! हे काय समोर आहे!”

“कुठल्या पदावर? लिहिणाऱ्यांच्या हजेरीपटावर त्याचं नाव आहे का?”

शेजारी क्लेटन योडर बसले होते. हाताने अंकी आदेश लिहिणाऱ्या सात तज्ज्ञांचे ते प्रमुख; स्वतःही त्या सातांतलेच. या सातांपैकी प्रत्येकाची लेखनाची युक्ती निराळी आणि गुप्त होती. आपले लिहिलेले दुसऱ्याला कळणे हा तेथे कमीपणा मानला जाई.

“दोन आठवड्यांचं काम एका तासात?” योडर हसले. “अहो बाई, आमच्या घरी रविवारचं मांससुद्धा तीन तास शिजतं!”

समितीने न्याय्य मार्ग काढला. तेच काम सातही तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे हाताने लिहावे. यंत्राचे लेखन त्यांच्याशी जुळले, तर ते खरे.

दोन आठवड्यांनी सात गठ्ठे आले. त्यांतील कोणतेही दोन एकमेकांशी जुळेनात. बाईंच्या जिवात जीव आला. परंतु तो अल्पकाळच टिकला.

“यंत्राचं एकाशीही जुळत नाही,” पेनीपॅकर म्हणाले. “सात विरुद्ध एक.”

“अहो, पण या सातांचं तरी आपसांत कुठे जुळतंय?”

“तो मतभेद. अनुभवी माणसांत असायचाच. यंत्राचा मात्र दोष.”

“निदान चालवून तरी बघा, साहेब! उद्या फीत पुसाल, माझी दोन वर्षं पुसाल!”

सदस्यांनी विषयपत्रिका उलटसुलट करून पाहिली. चालवून पाहणे हा मुद्दा विषयपत्रिकेत नव्हता. तथापि भोजनास अद्याप अवकाश असल्याने अनुमती मिळाली. तज्ज्ञांच्या सहा रचना मध्येच थांबल्या. सातवी, खुद्द योडरांची, थांबेचना. शेवटी वीज तोडावी लागली. यंत्राने लिहिलेल्या रचनेने चार मिनिटांत अचूक उत्तर दिले.

“माझी थांबली नाही,” योडर म्हणाले, “यावरूनच तिचा दम ओळखा.”

निर्णय वाचण्यात आला. कंपायलर मान्य, फीत पुसू नये. बाईंचे डोळे भरून आले. ते भरलेले असतानाच पुढील कलम वाचले गेले: यंत्राने लिहिलेली प्रत्येक ओळ सातही तज्ज्ञांनी हाताने तपासावी व सातांनी स्वाक्षरी केल्याखेरीज ती चालवू नये. अशा रीतीने दोन आठवड्यांचे काम एक तास आणि तीन आठवड्यांत होऊ लागले. अहवालात ‘मानवी श्रमांची संपूर्ण बचत’ अशी नोंद झाली.

“मग उपयोग काय झाला, साहेब?” बाईंनी विचारले.

“बाई, पूर्वी चूक एकाची असायची. आता कुणाचीच नसेल.”

सुज्ञ वाचकाने त्या परदेशस्थ समितीस खुशाल हसावे. मात्र परवाच ‘संगणकनिर्मित प्रत, स्वाक्षरीची आवश्यकता नाही’ असे छापलेला कागद हाती पडताच, खिडकीत डोके घालून “साहेब, यावर सही-शिक्का कुठे मिळेल?” असे विचारणारे गृहस्थ कोण होते, तेवढे आठवून मग हसावे.