साळव्यांची रविवारची शिफ्ट

"शिक्षण किती?" दामोदर साळवे दारातच विचारायचे. नाव नंतर.

"एम.ए., पीएच.डी.," माझ्या पुढे उभे असलेले निवृत्त प्राध्यापक मान किंचित झुकवून म्हणाले. विनय असा, की खालच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यापर्यंत ऐकू जावा.

"मग तुमचा काही उपयोग नाही. पुढचं कोण?"

पुढची मी होते. हातमागाची साडी नेसून, कपाळाला नेमकी टिकली लावून, समाजासाठी काहीतरी करायला निघालेली. साठी नुकतीच उलटलेली तरुणी! शिक्षण विचारल्यावर मी उगाच पदर सारखा केला. मी फक्त जुनी अकरावी. सासरच्या पदवीधर जावांमध्ये ही गोष्ट मी चाळीस वर्षं अशी झाकून ठेवली होती, की मलाही अधूनमधून आपण बी.ए. आहोत असं वाटायचं.

"जुनी अकरावी," मी पुटपुटले.

साळवे खुर्चीतून उठलेच. "पुढे काही नाही ना? नक्की? गुपचूप बाहेरून बी.ए.बिए केलं नाहीत?"

"नाही हो."

"या, या! बसा! अहो, खुर्ची द्या बाईंना!"

आयुष्यात माझ्या शिक्षणाचा एवढा सत्कार कुणी केला नव्हता.

कारण साधं होतं. ठाण्याच्या नौपाड्यात दोन खोल्यांमध्ये आमची संस्था होती. कॉलेजात शिकणाऱ्या अंध मुलामुलींना परीक्षेला लेखनिक द्यायचा, हे तिचं काम. मुलाने बोलायचं, लेखनिकाने लिहायचं. लेखनिक विद्यार्थ्यापेक्षा कमी शिकलेला हवा, नाहीतर तोच परीक्षा देऊन मोकळा होईल, असा नियम. आणि नौपाड्यात दगड मारला तर तो पदवीधरालाच लागतो. त्यामुळे कमी शिकलेला, पण स्वच्छ लिहिणारा माणूस साळवे भिंग घेऊन शोधत असायचे.

साळवे कोलशेतच्या एका कंपनीत टाइमकीपर होते. कंपनी बंद पडली, तेव्हा तिचं हजेरीचं पंचिंग मशीन त्यांनी भंगारातून उचलून आणलं आणि संस्थेच्या दाराशी बसवलं. आम्ही सगळे स्वयंसेवक त्यात कार्ड घालायचो. उशीर झाला की लाल शाईत वेळ उठायची आणि आतून आवाज यायचा, "ताई, उपकार करायला आलात का? मग ते चपलांशेजारी काढून ठेवा आणि मग आत या."

'सेवा' शब्द त्यांना चालायचा नाही. "सेवा देवळात. इथे शिफ्ट आहे." एकदा एक बाई मुलाचा वाढदिवस 'या गोड मुलांसोबत' साजरा करायला केक घेऊन आल्या. आमची गोड मुलं बावीस-तेवीस वर्षांची, दाढ्या वाढलेली, अर्थशास्त्राने वैतागलेली. साळवे दारात आडवे. "वाढदिवस घरी करा, बाई. इथे लोक नापास होतायत." एका मोठ्या ऑफिसची तीस माणसं एकसारखे टी-शर्ट घालून बॅनरसकट आली. साळव्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक जाडं पुस्तक दिलं आणि मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायला बसवलं. अकरा वाजेपर्यंत बॅनर तेवढा उरला. त्याच्या मागच्या बाजूवर साळव्यांनी पुढच्या महिन्याच्या ड्यूट्या लिहिल्या.

मला या माणसाचा भयंकर राग यायचा. घरी येऊन मी कणीक अशी तिंबायचे, की पोळ्या दोन दिवस पुरायच्या. अहो, फुकट येतो आम्ही! पदरच्या पैशाने रिक्षा करून येतो! आणि वर बोलणी? ह्यांना म्हटलं, "त्या साळव्यांना माणसाची किंमतच नाही." हे म्हणाले, "मग जाऊ नकोस." म्हणून पुढच्या रविवारी मी दहा मिनिटं आधीच गेले.

आता माझ्याबद्दल. मी महिला मंडळाच्या निबंधस्पर्धेत सलग पाच वर्षं पहिली आलेली बाई. वर्तमानपत्रातल्या चुकांखाली लाल पेनने रेघा मारून संपादकांना पाठवणारी. 'अक्षर सुंदर आहे माझं,' असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं, तर साळवे म्हणाले, "सुंदर नको. दुसऱ्याचं पाहिजे." मला काहीही कळलं नाही. त्या वयात मला बरंच काही कळायचं नाही, पण तसा संशयसुद्धा यायचा नाही.

रंजना मला मिळाली ती शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला. शहाडच्या पलीकडून यायची. बारीक, तरतरीत, बोलायला लागली की दोन्ही हात हलवणारी. परीक्षा कल्याणच्या एका कॉलेजात. आम्हाला वेगळी खोली आणि कोपऱ्यात एक पेंगणारे सुपरवायझर. पेपर समाजशास्त्राचा, प्रश्न शहरीकरणाचा.

रंजना सांगू लागली, "आमची आई नदीकाठी भाजी लावायची. दुधी, काकडी. टोपली डोक्यावर घेऊन कल्याणला विकायला न्यायची. मग तिथे बिल्डिंगी आल्या. आता आई त्याच बिल्डिंगीत लादी पुसते. दुधी तिला विकत घ्यावा लागतो. याला शहरीकरण म्हणतात."

आणि मी काय लिहिलं? सांगायलाही लाज वाटते, पण सांगते, कारण माझी नात म्हणते की आज्जीच्या आयुष्यातली ही एकच गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मी लिहिलं, 'औद्योगिक प्रगतीच्या झंझावातात ग्रामीण स्त्रीच्या पारंपरिक व्यवसायाचे स्वरूप आमूलाग्र पालटले आहे.' लिहून स्वतःवरच खूश झाले. एक नाही, चार उत्तरं अशी सजवली. पोरीला पहिला वर्ग मिळवून देणार होते मी!

शेवटचा तास उरला तेव्हा रंजना म्हणाली, "मावशी, जरा वाचून दाखवा."

मी वाचलं. निबंधस्पर्धेत वाचायचे तशी, आवाजाला चढउतार देऊन.

रंजनाचे हात थांबले. "माझी आई कुठं गेली?"

"अगं, आहे ना! 'ग्रामीण स्त्री' म्हणजे तीच."

"ती ग्रामीण स्त्री नाय, माझी आई आहे. मी हे बोललेच नाय. खोडा."

"वेडी आहेस का? मार्क जातील!"

"खोडा, मावशी! सगळं खोडा!" ती ओरडली. सुपरवायझर दचकून जागे झाले.

खोडलं. चारही उत्तरं पहिल्यापासून लिहिली. दोन प्रश्न राहिले ते राहिलेच. रंजना नापास झाली, आणि तिच्या बापाने सांगून टाकलं, की अजून एकदाच फी भरीन, मग घरी बसायचं.

साळव्यांसमोर गेले तेव्हा आरडाओरड होईल म्हणून मी तयारीतच होते. ते ओरडले नाहीत. माझं हजेरीचं कार्ड खणातून काढलं आणि हळूच टेबलावर उलटं ठेवलं. "दिसत तर तिला नव्हतंच, बाई. तुम्ही बोलतीही बंद केलीत."

"मी तिच्या चांगल्यासाठीच केलं!" मी भडकले.

"चांगल्यासाठीच करतात सगळे. वाईट करायला कोण सुट्टीच्या दिवशी जिना चढून येतं?"

मी तरातरा निघून आले. जिन्यात ठरवलं, पुन्हा या माणसाचं तोंड बघायचं नाही. घरी येऊन कणीक घेतली. तिंबता तिंबता हात थांबला, कारण राग साळव्यांवर होता की कुणावर, हेच कळेना.

दोन महिन्यांनी फोन आला. "साळवे बोलतोय. मला तुम्ही नको आहात, बाई. पण रंजनाला तुम्हीच पाहिजे आहात."

"मी? का?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, नवीन माणूस माझ्या पेपरात पहिल्यांदा चुकेल. मावशींची चूक करून झालीय. तेव्हा रविवारी नऊ वाजता या. पंधरा रविवार सराव."

"मी येणार नाही."

"बरं. मग नऊ वाजता." फोन बंद.

गेले. काय करणार! पोरीची ती शेवटची संधी होती आणि आधीची मीच घालवली होती.

सराव म्हणजे छळ होता. साळवे समोर बसायचे, नजर माझ्या पेनच्या टोकावर. "लिहा. मुंबई ही भारताची राजधानी आहे."

"अहो, दिल्ली..."

"तुम्हाला विचारलं? रंजनाला राजधानी शहाडला न्यायची असेल, तरी तुम्ही लिहायची! लिहा!"

घोडा अंडी घालतो. लिहिलं. ठाणे हा देश आहे. लिहिलं. चौथ्या रविवारी ते म्हणाले, "नदी वाहते." मी लिहिलं, 'नदी झुळझुळ वाहते.' साळव्यांनी टेबलावर अशी थाप मारली, की खालच्या दवाखान्यातला पेशंट न विचारता तोंड उघडून बसला असेल.

"झुळझुळ कोण बोललं?"

"चुकून पडलं."

"तुमच्या पोटात किती झुळझुळ आहे ते मला बघायचंच आहे. अजून पन्नास वाक्यं!"

मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. नातवंडं वाचतात.

पंधरावा रविवार. परीक्षा दुसऱ्याच दिवशी. साळव्यांच्या हातात त्या दिवशी कागद नव्हता. बसले, चष्मा काढला, आणि न ओरडता म्हणाले, "लिहा."

मी पेन उचललं.

"माझी बायको मंगल. हॉस्पिटलमध्ये दोन महिने होती. तिथे टीव्ही नव्हता. मी संध्याकाळी घरी जाऊन तिची मालिका बघायचो आणि सकाळी तिला सांगायचो. ती म्हणायची, नीट सांगा. मधलं गाळू नका. पदरचं घालू नका."

साळव्यांना बायको होती, हेच आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. मी मान वर केली नाही.

"मालिकेतली सून घर सोडून गेली होती. मंगल रोज विचारायची, आली का? एक दिवस मी सांगितलं, आली. सासूने ओवाळून घरात घेतली. मंगलला बरं वाटलं. हसली. दुसऱ्या दिवशी मंगल गेली."

खाली दवाखान्यात यंत्र घरघरत होतं. साळव्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या.

"सून आली नव्हती. मी पदरचं घातलं होतं. मालिका अजून चालू आहे. सून अजून आलेली नाही. मी रोज साडेसातला बघतो. संपलं. वाचा."

मी वाचलं. आवाजाला चढउतार न देता वाचलं. तेवढं वाचायला मला आयुष्यात कधी इतका त्रास झाला नव्हता.

"शेवटच्या वाक्यात काही घातलंत?"

"नाही."

"मनात आलं होतं?"

"आलं होतं."

"काय?"

"ते तुम्ही सांगितलेलं नाही," मी म्हटलं. "मी नाही लिहिणार."

साळव्यांनी चष्मा लावला. माझं कार्ड खणात सुलटं ठेवलं. "उद्या साडेनऊ. कॉलेजच्या गेटवर. तिचं हॉल तिकीट आधी बघून घ्या, पोरगी विसरभोळी आहे. आणि पाण्याची बाटली घ्या. तिच्यासाठी! तुम्ही मध्ये पाणी पीत बसू नका!"

तीन तास आणि अंधांना मिळणारा वरचा जादा वेळ मी फक्त हात होते. रंजना जिथे अडखळली तिथे मी थांबले, जिथे चुकली तिथे चूक लिहिली. तिला हवी होती तशी तिची आई बिल्डिंगीत लादी पुसत राहिली. पोरगी पास झाली. पहिला वर्ग वगैरे काही नाही. काठावर, पण स्वतःच्या शब्दांत. फोनवर ती किंचाळत होती आणि मागून तिची आई कुणाला तरी ओरडून सांगत होती.

निकालानंतरच्या रविवारी मी नऊ वाजता जिना चढले. साळवे एकटेच बसले होते, ड्यूट्यांचा कागद पुढ्यात.

"काय काम आहे?"

"सराव."

"परीक्षा झाली. कसला सराव?"

"हात बिघडेल माझा. मग पुन्हा ग्रामीण स्त्री लिहीत सुटेन."

"मला काय दुसरे उद्योग नाहीत?" ते डाफरले. "फुकट माणसं येतात आणि डोक्यावर बसतात! तुमच्यासारख्या बायकांमुळेच..." काय आमच्यामुळे, ते त्यांना सुचलं नाही. कागद बाजूला सारून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

मी कोरं पान काढलं.

"सोमवार," साळवे म्हणाले. "सून वकिलाकडे गेली. सासूने आतून कडी लावून घेतली. धाकटा दीर बाहेर उभा. लिहिताय ना?"

"लिहितेय," मी म्हटलं. "मंगळवारी काय झालं?"