मोरूदादा आणि न थांबणारा शोध

आमच्या बोईसरच्या कारखान्यात सर्व्हर तापला की तो सांभाळणारे मोरूदादा आधी त्याच्या पेटीवर तळहात ठेवतात, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. थंडगार एसीत त्यांना काय कळतं, देव जाणे! दादा मूळचे दातिवऱ्याचे, आवाज खणखणीत. 'रीस्टार्ट' हा शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय नाही.

"आदी विचारा त्याला, काय होतंय. मारून टाकल्यावर कोन सांगनार?"

परवा दुपारी पहिली पाळी सुटली आणि सर्व्हरवरचा भार शंभर टक्क्यांवर जाऊन बसला. गेटपास निघेनात. फाटकाशी टँकर अडले, ड्रायव्हर भोंगे वाजवू लागले आणि आमचे मॅनेजर साहेब धापा टाकत खोलीत शिरले.

"रीस्टार्ट करा. आत्ताच्या आत्ता!"

"थांबा साहेब, ठसा घेतो."

ठसा म्हणजे थ्रेड डम्प. त्या घडीला सर्व्हरच्या पोटात कोणतं काम कुठल्या ओळीवर आहे, ते त्यात दिसतं. एका ठशावर दादांचा विश्वास नाही. ते थोड्या थोड्या वेळाने घेत राहतात. सगळ्यांत तीच ओळ दिसली की चोर सापडला.

"दादा, नोकरी प्यारी आहे ना?" साहेब कडाडले. मी, दादांचा मदतनीस, रीस्टार्ट करायला हळूच कीबोर्डकडे हात नेला, तर दादांनी फटका मारला.

सगळ्या ठशांत तीच ओळ आली, आणि ती खुद्द दादांनीच लिहिलेली! चोर घरचाच. मला हसू फुटणार होतं, पण दादा पांढरेफटक पडले होते.

"साहेब, मानूस आत हाय."

पाळी सुटल्यावर ज्याचं कार्ड फाटकावर टेकलं नाही, त्याला शोधत राहायचं, असं एक काम दादांनी सर्व्हरमध्ये गुपचूप घालून ठेवलं होतं. एरवी सगळे लगेच बाहेर पडतात, म्हणून ते कधी जाणवलं नाही. प्रत्येक शोधाला त्या कामगाराचंच नाव मिळे. ठशात नाव होतं रामसूरत. रीस्टार्ट केलं असतं तर तेही पुसलं गेलं असतं.

दादा धावत सुटले, मागून आम्ही. शोधता शोधता रामसूरत गोदामात पोत्यांच्या थप्पीमागे सापडला, तापाने फणफणलेला.

"बुखार था दादा... ज़रा लेट गया था."

दादांनी त्याच्या कपाळावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. त्याला दवाखान्यात धाडताना त्यांनी त्याचं कार्ड फाटकावर टेकवलं. सर्व्हर आपसूक शांत झाला, टँकर हलले. साहेब फाटकाकडे गेले.

संध्याकाळी मी म्हटलं, "दादा, दर शोधानंतर यंत्राला जरा थांबायला सांगायचं होतं. एवढं तापलं नसतं."

दादा पेटीवर हात ठेवून उभे होते.

"जुन्या कारखान्यात आग लागली, तवा सगळे भायेर आले समजून सगळे शोधायचे थांबले," ते म्हणाले. "आमचा बारका भाऊ आत होता."